जांभळा पैसा

रविवारी अजब बंगल्याच्या कुंपणाला पाठ लावून
बारापात्रे नाणी मांडतात.
खाली मेणकापड, वर फाटकी छत्री,
आणि उजव्या डोळ्यात भिंग इतकं घट्ट बसलेलं
की काढायला गेलं तर डोळाही येईल हाती.

मी रुमालाची गाठ सोडली.
नवा पैसा, एकोणसाठ सालचा.
अर्धा जांभळा, कडेला मोरपंखी,
सिंहांच्या पायाशी एक फिकट डाग,
वांग्याच्या देठाखाली असतो तसा.
भाचा म्हणाला होता, मावशे, लाखाच्या खाली देऊ नको.

आधी चुंबक लावून पाहिलं. चिकटला नाही.
मग तराजू : दीड ग्रॅम, बरोबर.
मग कड, नखाने.
मग त्यांनी पैशाचा वास घेतला,
आणि तेवढ्यावर मला हा माणूस आवडला.

“टाकसाळीतून असा निघत नाही, बाई.
तिथून निघते तो तांबूस, नव्या मडक्यावानी.
मंग कोणी भट्टीत घालते, कोणी पारा घासून
त्याले चांदीचा करते, कोणी सोन्याचं पाणी देते,
अन् माह्याकडे आणते, म्हणते दुर्मिळ आहे.
बासष्टचा पिवळा असता, तं धातूच दुसरा,
पण तोही पोत्यानं भेटते.
हा तं गंधकानं खाल्लेला.
होता कुठं?”

खिशात, म्हटलं.
बाबांच्या.

गोळीबार चौकामागे काळ्या सुताचा हौद.
सडक्या अंड्यांचा वास, जो आम्हाला
घराचा वास वाटायचा.
शनिवारी हातावर पडलेली मजुरी
सोमवारपर्यंत रंग धरायची.
बाबांची नखं, बाबांची बंडी, बाबांचे पैसे,
सगळं एकाच घाण्यातून काढल्यासारखं.
हेडाऊ किराणावाला पैसा फळीवर बोटाने ढकलायचा,
गल्ल्यात टाकताना आत ओरडायचा,
“निनाव्याचा आला!”
शाळेत विमलने तो घेतला नाही, खोटा म्हणाली.
मी सांगितलं, हा रातचा पैसा आहे,
दिवसाचा वेगळा असतो.
तिने आठ दिवस विश्वास ठेवला.

“भाव?” मी विचारलं.
“कायचा भाव? खराब माल.
लिंबानं घासून आणा, पाच रुपये देतो.
अन् अशे तं लय आहेत.”
त्यांनी मागून डालड्याचा डबा ओढला
आणि कापडावर ओतला.

जांभळे. निळे. काही अगदी जांभूळ चिरल्यासारखे.
कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाच्या गल्ल्यातून
मोडीच्या भावाने उचललेले.
मी उन्हातच बसले.
एकेक उलटून पाहू लागले,
जणू मागे नाव असेल.
आमच्या गल्लीत एकोणीस हौद होते.
सोनकुसऱ्यांचा, धकात्यांचा, पौनीकरांचे दोन,
आणि सगळ्यांच्या खिशांना तोच गंधक.
पैशाला आडनाव लागत नाही.

तरी मी निवडू लागले.
कसे, ते मला विचारू नका.
एक, कारण त्याची कड चावल्यासारखी होती.
एक, कारण तो डबा ओतताना लांब पळाला.
“हे दहा-दहाला द्या,” म्हटलं.
बारापात्रे काहीच बोलले नाहीत.
भिंग काढलं. डोळा जागेवरच होता.
मी अकरा बाजूला ठेवले,
बारावा उचलला,
तेव्हा म्हणाले, “थांबा बाई. आता पंधरा.”

“आत्ताच तर खराब माल म्हणत होता!”

“तवा गिऱ्हाईक नव्हतं न.”

मी पंधराच दिले. घासाघीस केली नाही,
बाबांनी मात्र केली असती,
आणि अकराला तुटलं असतं.

परतीच्या बसमध्ये मी हात नाकाशी नेत होते
पुन्हा पुन्हा, शेजारची बाई पाहत असूनही.
गोळीबार चौकाचं तिकीट मागितलं.
कंडक्टर पन्नासच्या नोटेकडे बघून वैतागला,
“मावशी, सुटे नाही का?”

रुमालात तेरा होते.
नाही, म्हटलं.